‘अडचण : नाही’ लिहून सही करणाऱ्या मेंटीला

पत्र : ताई, मी तालुक्याच्या कॉलेजात एफ. वाय. बी.एस्सी.ला आहे. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी असे तीन विषय आहेत. जूनमध्ये त्यातून मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) ठरवून फॉर्म भरायचाय. आम्हाला मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, दिलेत. माझे मेंटॉर केमिस्ट्रीचे सर आहेत. महिन्यातून एकदा लॅबमध्ये बोलावतात, ‘काही अडचण?’ विचारतात. आम्ही ‘नाही सर’ म्हणतो, सह्या करतो आणि निघतो. मेजरचं विचारलं तर म्हणाले, ‘केमिस्ट्री घे, स्कोप आहे.’ पण मला पहिल्या सेमला केमिस्ट्रीतच केटी लागलीय, म्हणजे विषय राहिलाय. हे सरांना सांगितलं नाही, घरीही नाही. मला बॉटनी आवडते. बाबा म्हणतात, नव्या नियमात एका वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं, ते घे आणि बस कर. माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकतो, त्याचा ॲडव्हायझर त्याला स्वतःहून मेल करतो म्हणे. आमचे सर असं का करत नाहीत? मेंटॉर बदलून मागू का?
— एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर :

मेंटॉर बदलून मागू नकोस, निदान आत्ता तरी नको. सरांबद्दलची तुझी तक्रार खोटी नाही. पण सरांनी ‘केमिस्ट्री घे’ म्हटलं तेव्हा त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या मुलीला केटी नव्हती, बॉटनीची ओढ नव्हती आणि तिच्या घरी शिक्षण थांबवायच्या गोष्टी चाललेल्या नव्हत्या. यातलं काहीच त्यांच्या कानावर गेलेलं नाही. तशा मुलीला दिलेला सल्ला म्हणून तो वाईट नाही. तो तुला दिलेला सल्ला नाही, एवढंच.

तुमची महिन्याची मीटिंग कशी होते ते तू दोन ओळीत लिहिलंस, पण मला ती अख्खी दिसली, कारण शिकवत होते तेव्हा मीही ती घेतलीय. वीस-पंचवीस मुलं लॅबच्या स्टुलांवर. एक फॉर्म पुढून मागे फिरतो. पहिला मुलगा ‘अडचण’च्या रकान्यात ‘नाही’ लिहितो, पुढची सगळी त्याखाली दोन-दोन टिंबं मारत जातात. कागद शेवटच्या स्टुलापर्यंत पोचतो तोवर अख्ख्या बॅचची अडचण मिटलेली असते. मग तो फाइलला लागतो, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणारे नॅकवाले एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी याचं प्रमाण विचारतात आणि त्याला पुरावा लागतो. त्या कागदाचं काम तेवढंच. सगळ्यांसमोर ‘मला केटी लागलीय आणि घरचे कॉलेज सोड म्हणतात’ असं कोणी बोलणार नाही. बोलूही नये. ती मीटिंग सहीपुरती ठेव आणि खऱ्या बोलण्यासाठी सरांना वेगळी भेट.

आता ‘सर स्वतःहून का विचारत नाहीत’ याबद्दल. तू लिहिलं नाहीस, पण सर कायम आहेत की तासिका तत्त्वावर, याची चौकशी कर. आपल्याकडे आज कितीतरी कॉलेजं अशा तासिकावाल्या, म्हणजे सीएचबीवाल्या, प्राध्यापकांच्या जिवावर चालतात. त्यांना पैसे शिकवलेल्या तासाचे मिळतात. तुझं ऐकून घेण्यात गेलेला अर्धा तास त्या हिशेबात कुठेच येत नाही. त्यातले काही जण दुपारनंतर दुसऱ्या कॉलेजात तास घ्यायला एसटी पकडतात. आणि तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यांची नेमणूक त्या वर्षापुरती असते. जूनमध्ये तू फॉर्म भरायला जाशील तेव्हा ते तिथे असतीलच असं नाही. म्हणून जे विचारायचं ते सत्र संपायच्या आत विचार.

मावसभावाचं म्हणशील, तर तिकडे बऱ्याच विद्यापीठांत ॲडव्हायझर हे पूर्णवेळ पद असतं. शिकवायचं नाही, पेपर तपासायचे नाहीत, मुलांच्या विषयांची नि क्रेडिटांची (विषय पास झाल्यावर जमा होणाऱ्या श्रेयांकांची) आखणी बघायची. शिवाय तो एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पदवी करत असेल तर त्याला प्रत्येक सत्रात साधारण १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. परवानगीशिवाय कमी पडले तर व्हिसाच धोक्यात येतो. त्यामुळे तिकडून मेल येणारच. आपल्याकडे तेच काम शिकवणाऱ्याच माणसाला उरलेल्या वेळात करायला लावलंय. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने मुलांपुढे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किल कोर्स असं भलंमोठं ताट वाढलं आणि यातलं काय कशाबरोबर खायचं हे सांगणारा माणूस मात्र कुठल्याच कॉलेजला वाढवून दिला नाही. यावर माझा राग आहे, पण तो सरांवर काढण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून समजून घे. सर केमिस्ट्रीचे आहेत. कुठल्या विषयाला किती मुलं मेजर म्हणून येतात यावर त्या विभागाचा वर्कलोड ठरतो, आणि वर्कलोडवर माणसांच्या जागा. सीएचबीवाल्याचं तर पोटच त्यावर. हल्ली मे-जून आला की प्रत्येक विभाग आपापला विषय किती चांगला ते मुलांना सांगत फिरतो, ते उगाच नाही. म्हणजे सर तुला फसवताहेत असं अजिबात नाही. केमिस्ट्रीला स्कोप आहे हे खरंच आहे. महाड, लोटे, कुरकुंभ, तारापूरच्या केमिकल आणि औषध कंपन्यांत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, केमिस्ट्रीची मुलं लागतात. पण ज्याचं दुकान त्याच्याच मालाबद्दल त्याला विचारलं, तर दुसरं मत घ्यायलाच हवं. बॉटनीच्या मॅडमना किंवा सरांनाही भेट. त्यांचंही दुकान आहेच, पण दोन बाजू ऐकल्यास की मधलं आपोआप कळतं.

सरांना भेटायचं कसं, ते सांगते. रात्री साडेदहाला ‘हॅलो सर, एक विचारायचं होतं’ असा मेसेज टाकून निळी टिकं बघत बसू नकोस. त्याला उत्तर येत नाही, कारण उत्तर काय द्यायचं तेच कळत नाही. दुपारच्या वेळेत, ग्रुपवर नाही तर सरांच्या नंबरवर, असं काहीतरी लिही :

‘नमस्कार सर. मी अमुक अमुक, एफ. वाय. बी.एस्सी., तुकडी ब, रोल नंबर अमुक, तुमची मेंटी. जूनमध्ये मेजर-मायनरचा फॉर्म आहे. मी बॉटनी मेजर आणि केमिस्ट्री मायनर असा विचार करते आहे. पहिल्या सेमला मला केमिस्ट्रीत केटी आहे, त्याबद्दलही बोलायचं आहे. दहा मिनिटं हवीत. बुधवारी किंवा गुरुवारी प्रॅक्टिकलनंतर डिपार्टमेंटला येऊ का?’

यात तू ‘काय घेऊ?’ विचारलेलं नाहीस. मी असं म्हणते, तुम्हाला काय वाटतं, असं विचारलंयस. थकल्या माणसाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘केमिस्ट्री घे’ एवढंच सुचतं. दुसऱ्यावर त्याला थांबून विचार करावा लागतो, कारण खोडायला किंवा मान डोलवायला समोर काहीतरी आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांतही हा फरक मला लख्ख दिसायचा. जी मुलं कागदावर काही खरडून आणायची, त्यांच्यासाठी मी स्वतः परीक्षा विभागात जाऊन विचारून यायची. रिकाम्या हाताने येणाऱ्यांना सल्ला द्यायची आणि संध्याकाळपर्यंत विसरायची.

केमिस्ट्रीच्या सरांना केमिस्ट्रीत नापास झाल्याचं सांगायचं कसं, हा तुझा खरा अडसर आहे, हे मला कळतंय. अगं, निकालाची यादी त्यांच्याकडे असतेच. त्यांनी बघितली नसेल किंवा बघून विसरले असतील. तू सांगितलंस म्हणून त्यांच्या नजरेतून तू उतरत नाहीस. उलट ‘ही कुठे अडली?’ असा प्रश्न त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येईल, आणि त्याचं उत्तर तुला त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कोणी देऊ शकणार नाही. जाताना पहिल्या सेमची मार्कशीट ने. अंतर्गत गुणांत गेलीस की लेखी पेपरात, हे आधी बघून ठेव, कारण दोन्हींचे इलाज वेगळे. अंतर्गतमध्ये गेली असेल तर बहुधा एखादी चाचणी किंवा असाइनमेंट राहिलेली असते. लेखीत गेली असेल आणि पेपर बरा गेला होता असं वाटत असेल, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते का ते परीक्षा विभागात विचार. निकालानंतर त्याची मुदत थोडी असते, गेली असेल तर नाद सोड आणि पुढच्या परीक्षेला लाग.

आणि केटी लागली म्हणून केमिस्ट्री सोडायची असंही नाही हं. बारावीचा अभ्यास वेगळा, इथला वेगळा, आणि पहिल्या सेमला निम्मा वेळ कॉलेजची घडी कळण्यातच जातो. दुसऱ्या सेमचा केमिस्ट्रीचा अभ्यास आत्ता कसा चाललाय, ते खरं मोजमाप. समजतंय पण गुण पडत नाहीत, की समजतच नाही? समजत नसेल तर मेजर म्हणून ती घेऊ नकोस. तीन वर्षांच्या पदवीचे १२० ते १३२ क्रेडिट, त्यातले निम्म्याच्या आसपास मेजरचे. न समजणारा विषय एवढा उरावर घेऊन कुठला स्कोप मिळणार?

बॉटनी आवडते म्हणतेस, त्याबद्दल मात्र तुझ्या पत्रात एकच वाक्य आहे. काय आवडतं? झाडं ओळखणं, प्रॅक्टिकलला सेक्शन कापणं, की त्या मॅडम छान शिकवतात म्हणून विषय आवडतो? तिसरं कारण असेल तर थोडं थांब, कारण मॅडम बदलू शकतात. बॉटनीच्या विभागात जाऊन तीन गोष्टी विचार. एक, यंदा बॉटनी मेजर चालू राहण्याइतकी मुलं येतात का? काही कॉलेजांत मुलं कमी पडली की ते मेजर त्या वर्षी उघडतच नाही, आणि मुलांना ऐनवेळी दुसरीकडे ढकलतात. दोन, तिसऱ्या वर्षाचं ऑन जॉब ट्रेनिंग कुठे देतात? ते ४ क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं असतं. टिश्यू कल्चरची लॅब, बियाण्यांची कंपनी, मोठी रोपवाटिका अशी नावं त्यांनी पटापट सांगितली तर विभाग जिवंत आहे. ‘बघू तेव्हा’ म्हणाले तर तुझं तूच शोधायचं आहे, हे आत्ताच कळलेलं बरं. तीन, मागच्या वर्षी पास झालेली मुलं आत्ता काय करतात?

आणखी एक गोष्ट, जी ना सर सांगतील ना मॅडम. एस. वाय.च्या एखाद्या ताईकडून तिचं टाइमटेबल माग. तुझ्या मनातल्या मेजर-मायनरच्या जोडीची प्रॅक्टिकल्स किती वाजता सुटतात ते बघ आणि शेजारी तुझ्या गावच्या एसटीची वेळ लिही. हसू नकोस. गावाकडून येणाऱ्या मुलींचा मायनर गाडीच्या वेळेवरून ठरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. साडेचारची बॅच आणि पाचची शेवटची गाडी असेल तर तसं सरांना सांग. बॅच बदलून देणं ही त्यांच्या किंवा एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) हातातली गोष्ट आहे, आणि अशा हातातल्या गोष्टी माणसं आनंदाने करतात.

ओपन इलेक्टिव्हवर फार डोकं खर्च करू नकोस. ते आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं असतं, आणि यादी कितीही लांब असली तरी शिकवायला माणूस आहे तेवढेच विषय उघडतात.

भेटीत सर जे सांगतील ते तिथेच वहीत लिही. घरी पोचलीस की त्यांना मेसेज टाक : ‘सर, आज असं असं बोलणं झालं. मी अमुक करते. बरोबर आहे ना?’ ते ‘ओके’ म्हणतील. ते ओके जपून ठेव. उद्या मेंटॉर बदलले तर नव्या माणसापुढे तुला पहिल्यापासून कहाणी सांगावी लागणार नाही, आणि ‘तुला असं कोणी सांगितलं?’ या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर असेल. एक साधी फाइल कर. त्यात मार्कशीट, फॉर्मची झेरॉक्स, हे मेसेज. कॉलेजकडे तुझी फाइल असते, पण तिच्यात तू ‘अडचण : नाही’ लिहिलेलं आहे.

क्रेडिटांचं खातं तुझं तूच बघायचं. डिजिलॉकरमध्ये जाऊन एबीसीत, म्हणजे क्रेडिटांच्या बँकेत, पहिल्या सेमचे क्रेडिट जमा झालेत का ते तपास. आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या कागदावरचं नाव जुळत नसेल तर तिथे घोळ होतो, आणि तो मेंटॉर सोडवत नाहीत, ऑफिस सोडवतं. ऑफिसच्या खिडकीवर सकाळी लवकर जा. दुपारी तिथे दाखल्यांची रांग असते.

सरांना एकटीने भेटायला संकोच वाटत असेल तर मैत्रिणीला बरोबर घे, किंवा डिपार्टमेंटमध्ये चारचौघं असतात त्या वेळी भेट. यात काही कमीपणा नाही, समजूतदार शिक्षकालाही तेच सोयीचं असतं. दहा मिनिटं मागून, दोनदा आठवण करूनही वेळ मिळाली नाही, तर एचओडींना सांग आणि तेव्हा मेंटॉर बदलून माग. मॅडम हव्यात असंही म्हणता येतं. यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, पण ती फी अडवली, निकाल अडवला, भेदभाव केला असल्या गोष्टींसाठी वापर. मेंटॉर वेळ देत नाहीत म्हणून तिथे गेलीस तर माणूस कायमचा दुरावेल आणि हाती काही लागणार नाही. आणि शिक्षकाचं वागणंच खटकणारं असेल तर मात्र यातल्या कुठल्याच पायऱ्या चढत बसू नकोस. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे थेट जा.

आता बाबांचं. त्यांनी ऐकलंय ते अर्धं खरं आहे. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ क्रेडिट मिळवून बाहेर पडता येतं आणि सर्टिफिकेट मिळतं, पण त्यासाठी वर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. केटी राहिलेल्या विषयाचे क्रेडिट जमाच होत नाहीत, तेव्हा ती सोडवणं सर्टिफिकेटसाठीही आलंच. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळी पदवी सात वर्षांत पुरी करावी लागते. कागदावर हे फार सुटसुटीत दिसतं. पण तलाठ्याची परीक्षा घे, बँकेची घे, राज्यसेवेची घे, पदवी मागतात. आणि बारावीवर जे मिळतं ते या सर्टिफिकेटशिवायही मिळतं. घरात आजारपण आलं, पैशाची अगदीच ओढ लागली, तर ही वाट आहे हे चांगलंच. नुसतं ‘बस कर’साठी ती नाही.

बाबा ‘बस कर’ का म्हणतात, ते तू लिहिलेलं नाहीस. फी-पासाचा खर्च असेल तर महाडीबीटीवर कुठल्या योजनेत बसतेस ते स्कॉलरशिपच्या खिडकीवर विचारून घे. येण्याजाण्याची काळजी असेल तर बॅचच्या वेळेचं आधी ठरव, म्हणजे त्यांना दाखवायला काहीतरी हातात असेल. लग्नाचं बोलणं निघालं असेल तर तेही सरांना किंवा बॉटनीच्या मॅडमना सांगायला लाजू नकोस. घरी दोन शब्द सांगायला आपल्याकडे शिक्षक आजही जातात आणि त्यांचं ऐकलंही जातं.

केटीचं मात्र बाबांना तूच सांग. सरांना भेटून आल्यावर सांग, म्हणजे ‘नापास झाले’च्या पाठोपाठ ‘आणि हे असं करणार आहे’ म्हणता येईल. बाबांना कॉलेजात घेऊन जायची वेळ आली तर सरांना आदल्या दिवशी कळव, आणि ते कोणत्या तासाला मोकळे असतात ते विचारून ठेव. रानातली कामं टाकून आलेल्या माणसाला व्हरांड्यात तासभर उभं राहावं लागलं, तर परतीच्या एसटीत तुला एवढंच ऐकू येईल : ‘बघितलंस? यासाठी पाठवायचं का तुला?’